पुढची पेशी

ग्वाल्हेर, लष्कर, खासगी बाजार, हजीरा, किला गेट आणि पंचक्रोशीतल्या समस्त मराठी मंडळींना, तसेच त्यांच्या पुणे-नागपूर-इंदूरकडच्या सोयऱ्याधायऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमची शालूताई कॅन्सरने गेलेली नाही. कृपया पुन्हा वाचावे. कॅन्सरने गेलेली नाही. ज्यांनी फोनवर “शेवटी त्यानेच नेलं ना” म्हणून उसासा टाकला, ज्यांनी दारात चपला काढता काढता “उलटला असेल” असा निकाल दिला, आणि ज्या एका काकूंनी (नाव लिहीत नाही, कारण त्या हे वाचणार आहेत) “गळ्याचाच होता ना, तंबाखू खायची का?” असं मला बाजूला घेऊन विचारलं, त्या सर्वांनी आपापली विधानं विनाअट मागे घ्यावीत. शालूताईला एका डासाने नेलं. डेंग्यू झाला, सात दिवस दवाखान्यात होती, आठव्या दिवशी नव्हती. एवढ्या मोठ्या दुखण्यातून निघालेली बाई, आणि शेवटी डासाने...! तिला स्वतःला हे कळलं असतं तर ती आधी हसली असती आणि मग डासाच्या वकिलाचं नाव विचारलं असतं.

फोन आला तेव्हा मी किला गेटजवळच्या माझ्या चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होतो. फोन जिजाजींचा, म्हणजे शालूताईच्या नवऱ्याचा. महाराष्ट्रात भाऊजी म्हणतात, आमच्याकडे दोन पिढ्यांपासून जिजाजीच. मनोहर जिजाजी विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि शब्द मीटर लावल्यासारखे वापरतात. म्हणाले, “ये.” मी विचारलं, “प्लेटलेट वाढल्या का?” ते म्हणाले, “तू ये.” त्यांनी एकाच्या जागी दोन शब्द खर्च केले, तेव्हा काय झालंय ते मला समजलं. गिऱ्हाइकाच्या हातात चष्मा दिला, त्याची एक दांडी सैलच होती, आणि मी दुकान उघडं टाकून निघालो. त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी एका जागी बसलेलो नाही. दुकानात दहा मिनिटं झाली की उठून बाहेर जातो, बाहेर गेलो की कशाला आलो ते आठवत नाही, घरी जेवायला बसतो आणि अर्ध्या पोळीवर उठून गॅलरीत उभा राहतो. बायको म्हणते, तुला काय झालंय? मी म्हणतो, काही नाही, ठीक आहे. आणि ते म्हणताना मला दर वेळी शालूताई आठवते, कारण हे उत्तर मी तिच्या वतीने आठ वर्षं देत होतो.

शालूताई माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. खासगी बाजारात एका कापडाच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत ती आणि जिजाजी राहायचे. मूलबाळ नाही. नोकरी जिल्हा न्यायालयात, रीडरची. रीडर म्हणजे न्यायाधीशाच्या उच्चासनाखालच्या टेबलाशी बसून फायली पुढे सरकवणारा आणि पक्षकारांना पुढची तारीख सांगणारा माणूस. लोक घाबरतात न्यायाधीशाला, पण वाकून नमस्कार करतात रीडरला. कोर्टात पुकारा करायला शिपाई असतो, तो दारात उभा राहून नाव घेतो आणि ‘हाजिर हो’ म्हणून ओरडतो. शालूताईच्या कोर्टातला शिपाई चहाला गेला की ती बसल्या जागेवरून पुकारा करायची, आणि तळमजल्यावर पान खात असलेला आरोपी तिसऱ्या मजल्यावर धावत यायचा. असा आवाज होता. गणपतीत आमच्या मंडळाची आरती ती सुरू करायची तेव्हा माइकवाला स्वतःहून माइक बंद करायचा.

तिचं दुखणं पहिल्यांदा मी पाहिलं. ही काही फुशारकी नाही, धंद्याचा भाग आहे. नवा चष्मा घ्यायला ती दुकानात आली होती, आरशासमोर मान वर करून फ्रेम बघत होती, आणि मला तिच्या गळ्याशी काहीतरी वर-खाली होताना दिसलं. मी म्हटलं, “ताई, लाडू अडकलाय काय गं? गीळ बघू.” तिने गिळलं. ते वर गेलं आणि खाली आलं. मी पुन्हा म्हटलं, गीळ. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही बघायला लागली. “नाटक्या,” ती म्हणाली (मला ती लहानपणापासून नाटक्याच म्हणायची), “तिकीट लाव.” पण त्याच आठवड्यात ती डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर तरुण होते, विदर्भातून आलेले, आणि मराठी बोलणारी पेशंट मिळाली म्हणून आनंदलेले. सुई टोचून गाठीतलं थोडं काढून त्यांनी तपासायला पाठवलं होतं. चार दिवसांनी आम्ही तिघं समोर बसलो तेव्हा ते अगदी हळुवार आवाजात म्हणाले, “काकू, काही पेशी संशयास्पद आहेत. त्या पुढे पाठवाव्या लागतील.”

शालूताई म्हणाली, “पुढे म्हणजे कितीच्या पुढे? मार्चमध्ये मला सुट्टी नाही.”

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मी जिजाजींकडे बघितलं, जिजाजी पंख्याकडे. इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं की ग्वाल्हेरचा मराठी माणूस घरात मराठी बोलतो, बाहेर हिंदी, आणि घाबरला की जे तोंडात येईल ते. मराठीत पेशी शरीरात असतात. हिंदीत पेशी कोर्टात असते, म्हणजे खटल्याची तारीख. एकतीस वर्षं शालूताईने दिवसाला पन्नास पेशी वाटल्या होत्या. तिला वाटलं, डॉक्टर तारीख पुढे ढकलतायत. “पेशी संशयास्पद कशी असेल?” ती जिना उतरताना मला म्हणाली. “तारीख एकतर असते किंवा नसते.” मग मधल्या पायरीवर थांबली. तिला तेव्हा समजलं होतं. कठड्याला धरून उभी राहिली आणि मग हसायला लागली, इतकी की खालचा औषधवाला बाहेर येऊन बघायला लागला. मीही हसलो. आमच्यात हसण्याची सोय फार चांगली होती, आणि आता वाटतं, तेवढीच होती.

थायरॉइडचा कॅन्सर निघाला. आणि मग सगळ्यांनी तिचं जवळजवळ अभिनंदनच केलं. हा म्हणे चांगला कॅन्सर. व्हायचाच तर हाच व्हावा. केस जात नाहीत, किमो नाही, माणूस पूर्ण बरा होतो. डॉक्टरांनी हे धीर देण्यासाठी एकदा सांगितलं असेल, पण गावाने ते पाठ केलं. मी तर साड्यांच्या दुकानातल्या सेल्समनचा आवाज काढून म्हणायचो, “बहेनजी, कॅन्सरमध्ये यापेक्षा चांगला माल तुम्हाला सगळ्या लष्करात मिळायचा नाही.” ती पदराने डोळे पुसून हसायची. एकदाच म्हणाली, “चांगला आहे तर तू घे ना एक.”

ऑपरेशन दूरच्या शहरात झालं. ग्रंथी पूर्ण काढली. ग्रंथीला लागून आवाजाची नस असते, ती दुखावली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं, कागदावर सहीही घेतली होती, त्यामुळे कुणाला दोष देता येत नव्हता. तेही एक अवघडच असतं, दोष द्यायला कुणी नसणं. शुद्धीवर आल्यावर तिने जिजाजींना हाक मारली आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज निघाला. जिजाजींना वाटलं, ऑक्सिजन गळतोय. ते नर्सला बोलवायला धावले. काही आठवड्यांनी किरणोत्सारी आयोडीनचं औषध द्यायचं होतं. त्याआधी पंधरा दिवस नेहमीचं मीठ बंद, दूध बंद, म्हणजे चहा बंद, आणि थायरॉइडची गोळीही बंद. ती पार मंद झाली, जिना चढताना मधे बसून राहायची, वाक्य सुरू करायची आणि विसरायची. औषध दिल्यावर चार दिवस एका खोलीत एकटी. जेवण दाराशी ठेवून माणसं मागे सरायची. परत आल्यावरही काही दिवस लहान मुलांपासून लांब. खालच्या कापडवाल्याची नात तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली, ती जिन्यातून “आजी, आजी” करत वर आली आणि शालूताईने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडावर दार लावलं. मूल रडत खाली गेलं. या गोष्टी सांगून हसवता येत नाही, म्हणून मी त्या कधी सांगितल्या नाहीत.

मी सांगितली ती पुढची गोष्ट. शालूताई कोर्टात परत हजर झाली तो दिवस. बार रूमच्या दाराशी भदौरिया वकील साहेब उभे होते, जुने, पांढऱ्या मिशांचे, तिला मुलीसारखं मानणारे. त्यांनी विचारलं, “मैडम, अब कैसी हैं?” आणि ताईच्या तोंडून, घाईत, मराठी गेलं. “बरी आहे,” ती म्हणाली. आता मराठीत बरी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. बरी म्हणजे आजारातून उठलेली, आणि बरी म्हणजे जेमतेम, चालतंय म्हणण्यापुरती. पण हिंदीत बरी म्हणजे खटल्यातून निर्दोष सुटलेली. वकील साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्या बारला ऐकू जाईल असं जाहीर केलं, “मैडम बरी हो गईं!” टाळ्या झाल्या, लाडू आले, एक न्यायाधीशही येऊन गेले. कुणीतरी विचारलं, “बाइज्जत?” म्हणजे सन्मानाने सुटलात ना, का नुसता संशयाचा फायदा मिळाला. तेव्हा शालूताई आपल्या त्या उरलेल्या आवाजात म्हणाली, “नहीं भैया, जमानत पर.” जामिनावर. सगळे खूप हसले. पण ती विनोद करत नव्हती, तिने वस्तुस्थिती सांगितली होती. दर सहा महिन्यांनी हजेरी होतीच. रक्त द्यायचं, मानेची सोनोग्राफी करायची, रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला, आणि मग पुढची पेशी.

कोर्टात तिचा आवाज पोचेना. ती तारीख सांगायची आणि पक्षकार कानाला हात लावून म्हणायचा, “क्या मैडम?” दोनदा, तीनदा. एका म्हाताऱ्याला अठरा ऐकू आलं, तारीख आठ होती, तो दहा दिवस उशिरा आला आणि त्याची केस खारीज झाली. पुढे ती केस पुन्हा उभी राहिली, पण शालूताईने त्या दिवशी स्वतः अर्ज देऊन नकल शाखेत बदली मागितली. तिथे निकालांच्या प्रती काढतात, तिथे आवाज लागत नाही. न्यायाधीश म्हणाले, घाई करू नका. ती म्हणाली, “साहब, सुनाई नहीं देता.” त्यांना वाटलं तिला ऐकू येत नाही. तिने दुरुस्त केलं नाही.

आणि ती गोळी. पहाटे रिकाम्या पोटी, जन्मभर. ही गोळी सगळ्याच थायरॉइडवाल्या बायका घेतात, त्यामुळे प्रत्येक घरातून सल्ला यायचा, “मीही घेते, काही होत नाही.” पण शालूताईचा डोस मुद्दाम चढा ठेवलेला होता, अंगात कुठे एखादी पेशी झोपली असेल तर ती जागी होऊ नये म्हणून. त्या पेशीला झोपवण्याच्या नादात बाईची झोप गेली. गाडी उभी आहे आणि कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबून धरलाय, असं ती सांगायची. छातीत धडधड, बोटांना कंप, घाम. ग्वाल्हेरच्या जानेवारीत, जेव्हा आमच्याकडे पाण्याचा पेला धरवत नाही, तेव्हा तिच्या खोलीत पंखा. जिजाजी त्या पंख्याखाली दोन रजया आणि कानटोपी घालून गाढ झोपायचे. “यांची झोप सरकारी आहे,” ती म्हणायची, “स्टे ऑर्डर आणला तरी मोडत नाही.” ऑपरेशनमध्ये कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारक्या ग्रंथीही दुखावल्या होत्या, त्यामुळे मधूनच ओठांभोवती मुंग्या यायच्या, पायात गोळे यायचे. साधं पाणी प्यायलं तरी ठसका. बसवत तर तिला नव्हतंच. पहाटे डबे घासायची, घासलेले पुन्हा घासायची, आणि खासगी बाजारातून चालत माझ्या दुकानापर्यंत यायची, ते काय जवळ आहे? यायची, स्टुलावर टेकायची, लगेच उठून फ्रेमा पुसायला लागायची. मी म्हणायचो, “ताई, पायाला भिंगरी लागलीय का गं?” ती म्हणायची, “भिंगरी थांबते तरी.”

तिची मागणी फार मोठी नव्हती. तिला आमच्यापैकी कुणीतरी एकदा, नुसतं तोंडाने, कबूल करायला हवं होतं की ती बरी नाही. बस. उपाय नको होता, रडणं तर नकोच. पण ती काही म्हणाली की सगळ्यांकडे एकच वाक्य तयार, “पण रिपोर्ट चांगले आहेत ना?” रिपोर्ट चांगलेच होते. “कॅन्सर नाही हे मला मान्य आहे,” एकदा फ्रेम पुसता पुसता ती म्हणाली. “मी कुठे म्हणते आहे म्हणून? पण कॅन्सर नाही म्हणजे बरी, हे कुठल्या कलमात लिहिलंय?” मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, वा, हे घेतो मी.

कारण मी त्याचं नाटक केलं होतं. ‘सरकार विरुद्ध शालिनी’. पंधरा मिनिटांचा एकपात्री प्रयोग, न्यायाधीश मी, सरकारी वकील मी, पुरावा म्हणून आणलेली गाठ मी, शिपाई मी. गाठ साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून म्हणते, “माय लॉर्ड, मी तर चांगली आहे, सगळं गाव सांगतं,” तेव्हा हशा यायचाच. संक्रांतीला आमच्या गच्चीवर दुपारच्या उन्हात तिळगुळाचा कार्यक्रम असतो, तिथे पहिल्यांदा केलं, आणि मग लोक मागून मागून करायला लावू लागले. वाक्यं बहुतेक शालूताईचीच. शेवट मात्र माझा. न्यायाधीश उभा राहतो, शालीचा झगा सावरतो, दोन क्षण थांबतो, हा थांबा मी फार मेहनतीने बसवला होता, आणि म्हणतो, “शालिनी, बाइज्जत बरी.” टाळ्या. ती पहिल्या रांगेत बसलेली असायची, सगळ्या शालीत आणि स्वेटरात, ती एकटी सुती साडीत, कपाळावर घाम, आणि तीही टाळ्या वाजवायची.

दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला कार्यक्रम संपल्यावर मी सतरंज्या गुंडाळत होतो आणि ती दुसरं टोक धरायला आली. हळूच म्हणाली, तिचं सगळंच आता हळू असायचं, “छान करतोस. पण शेवट चुकतो.”

“कसा काय?”

“तू मला सोडून देतोस.”

“मग काय फाशी देऊ?”

“तारीख दे,” ती म्हणाली. “पुढची पेशी दे आणि ऊठ. तसंच असतं ते.”

मी सतरंजी खाली ठेवली. मला खरंच हे धंद्याच्या दृष्टीने पटलं नव्हतं. मी तिला समजावलं की ताई, असा शेवट पडतो, माणसं घरी जाताना काय घेऊन जातील? मी म्हटलं, “लोकांना बरी झालेली बाई आवडते गं.”

“हो,” ती म्हणाली. “मलाही आवडली असती.”

मी शेवट बदलला नाही. त्यानंतर चार वेळा केला तो प्रयोग, गेल्या गणपतीतसुद्धा, आणि दर वेळी तिला बाइज्जत सोडलं.

दवाखान्यात ती तिसऱ्या दिवशी शुद्धीत होती, बोलत होती, चादरीची कड बोटाने सरळ करत होती, सुटली की पुन्हा सरळ. नवीन सिस्टर फॉर्म भरायला आली. “कोई पुरानी बीमारी?” जिजाजी म्हणाले, “ठीक है सब. गोली चलती है.” सिस्टरने माझ्याकडे बघितलं. समोर माणूस उभा आहे आणि माझी वेळ आहे एवढंच मला कळतं, ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, “सिस्टर, ये कैंसर के केस से बाइज्जत बरी हैं.” सिस्टर हसली. जिजाजीही थोडे हसले. शालूताईने माझ्याकडे पाहिलं... आणि चादरीची कड सोडून दिली. ती हसली नाही. त्या जिन्यापासून आठ वर्षं आमचं सगळं हसण्यावर चाललं होतं आणि ती हसली नाही. तिने कूस बदलली. मग सिस्टरला स्वतःच, त्या फाटक्या आवाजात, गोळीचा डोस, कॅल्शियमचा डोस, दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते सांगायला लागली. सिस्टर म्हणाली, “क्या, माताजी?” तिने पुन्हा सांगितलं. मी तिचं बोलणं मोठ्याने सांगायला हवं होतं. मी बाहेर जाऊन चहा घेतला.

अकराव्या दिवशी विधी उरकून मी वर गेलो तेव्हा जिजाजी पलंगावर लाल कापडाचं बोचकं घेऊन बसले होते. कोर्टात जुन्या फायली बांधतात तसा बस्ता. तिच्या साड्यांखाली सापडला म्हणाले. आत तिची आजारपणाची फाईल होती, वर कोर्टातल्यासारखी आदेशपत्रिका लावलेली, म्हणजे प्रत्येक पेशीला काय झालं त्याची नोंद. जिजाजींचा चष्मा दवाखान्यातच फुटला होता, आणि चष्मेवाला मेहुणा असून मी त्यांना दुसरा दिलेला नव्हता. “वाच,” ते म्हणाले.

वाचलं. प्रत्येक नोंद शाईने, अस्सल कोर्टाच्या हिंदीत: आवेदिका उपस्थित. रिपोर्ट पेश. डॉक्टर महोदय संतुष्ट. आगामी पेशी छह माह पश्चात्. आणि त्याखाली पेन्सिलीने, मराठीत, बारीक अक्षरात, डॉक्टरांना न सांगितलेलं. ‘झोप नाही हे सांगायचं राहिलं, त्यांच्या दाराबाहेर खूप माणसं होती.’ ‘आवाजाचं विचारलं नाही. ते म्हणाले जीव वाचला, मी हो म्हटलं.’ ‘जेवताना ठसका लागला, यांना वाटलं हसतेय, तेही हसले.’ मी थांबलो. जिजाजी म्हणाले, “पुढचं वाच.” ‘रात्रभर फेऱ्या. यांना उठवलं नाही, सकाळी ड्युटी.’ पुढच्या पानावर, ‘यांना उठवलं नाही.’ त्याच्या पुढच्या पानावर तेच. मग जिजाजी निवृत्त झाल्यानंतरच्या पेशीची नोंद आली. तिथे ड्युटीचं कारण उरलं नव्हतं, तरी ‘यांना उठवलं नाही,’ आणि पुढे, ‘आता काय सांगायचं, एवढ्या वर्षांनी.’ शेवटच्या पानावर येणाऱ्या तारखेखाली लिहिलं होतं, ‘डोस थोडा कमी होतो का, या वेळी विचारायचंच.’ माझ्या नाटकाबद्दल त्यात कुठेच काही नव्हतं. मी दोनदा उलटून पाहिलं.

तेराव्याला कोर्टातली मंडळी आली. खोलीत माणसं मावेनात, काही जिन्यात उभी राहिली. सांत्वनाचं बोलणं सुरू झालं. सगळे तेच सांगत होते, किती हसरी, कधी तक्रार नाही, कधी कुरकुर नाही. मी भिंतीशी उभा होतो, एका पायावरून दुसऱ्या पायावर. बोलावं असं वाटत होतं, आणि कुणीतरी ‘ते नाटक होतं ना तुमचं’ म्हणेल अशी भीतीही वाटत होती. मग भदौरिया वकील साहेब काठीवर भार देऊन उठले. जे बोलले ते मनापासून. म्हणाले, आमच्या मैडमनी एवढ्या मोठ्या मुकदम्याशी सामना केला आणि जिंकल्या. “कैंसर से बाइज्जत बरी हुई थीं हमारी मैडम.” सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलली असती, सवयीने.

जिजाजी सतरंजीवर बसले होते. ते उठले नाहीत. वकील साहेबांकडे बघत, भरल्या हिंदी सभेत, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात, ते मराठीत बोलून गेले. वकील साहेबांना मराठी येत नाही, पण त्या एका शब्दासाठी कुणाला भाषांतर लागलं नाही.

“बरी नव्हती ती. आठ वर्षं जागी होती, आणि मी घोरत होतो.”